समोर बसलेल्या माणसाचं चित्र

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. दहावीची परीक्षा संपून आठ दिवस झाले असतील. कामरगावच्या हायस्कुलातले ड्रॉइंगचे नेमीचंद सर सकाळीच पुंजाजीच्या अंगणात आले. सायकल निंबाला टेकवून त्यांनी खिशातून दोन छापील कागद काढले आणि बाजेवर शेजारी शेजारी ठेवले.

"कस्तुराले बोलवा," ते म्हणाले. "तिच्यासाठी आणलेत."

कस्तुरा चुलीपुढून उठून आली. हाताला ज्वारीचं पीठ होतं म्हणून तिने कागदांना हात लावला नाही, वाकूनच वाचायला लागली. पुंजाजीची ही एकुलती पोर. दोन वर्षांपूर्वी तिची आई तुळसाबाई काविळीने गेली, तेव्हापासून घरात बाप आणि लेक दोघंच. भाकरी, ढोरांचं पाणी, शाळा हे सगळं सांभाळून जो वेळ उरे त्यात ती चित्रं काढी. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत तिला अ श्रेणी मिळाली होती. त्या शाळेत ती आजवर कुणालाच मिळाली नव्हती.

"चित्रकलेचे उन्हाळी वर्ग आहेत हे," सर पुंजाजीला समजावू लागले. "मॅट्रिकच्या आधीच्या पोरापोरींसाठी. पुढच्या साली तिची अकरावी म्हणजे मॅट्रिक, मग सुट्टी कुठली? गेली तर याच उन्हाळ्यात. हा अमरावतीचा वर्ग. बायकांची संस्था आहे. चार आठवडे. भरतकामाचे नमुने, कापडावरची छपाई, रांगोळी, फुलंपानं. राहायची सोय तिथंच. आणि हा नागपूरचा, कला विद्यालयातला. सहा आठवडे. तिथं पाच वर्षांचा डिप्लोमा असतो, त्याची ही आधीची तोंडओळख समजा."

पुंजाजीने दोन्ही कागद उचलून पाहिले. त्याला जोडाक्षरं वाचायला वेळ लागे.

"याच्यातला चांगला कोनता, मास्तर?"

सरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "अमरावती केली तर तीन-चार वर्षांत पोर कुठंतरी ड्रॉइंग टीचर होईल. घराजवळ राहील. नागपूर केलं तर काय होईल, ते मला सांगता येत नाही. मी गेलो नाही तिथं. जायचं होतं. वडिलांनी दुकानावर बसवलं, मग पुढं जे जमलं ते केलं." त्यांनी टोपी पुन्हा घातली. "महिनाअखेर फॉर्म पोचला पाहिजे. एकच भरा. दोन्ही वर्ग एकाच वेळी आहेत."

आत कुरोड्यांचा चीक शिजवत बसलेली रुपाबाई हात धुऊन बाहेर आली. ही कस्तुराची मावशी, तुळसाबाईची थोरली बहीण. किन्हीराजाहून ती उन्हाळकामाला म्हणून चार दिवस आली होती.

"याच्यात इचार कराले काय हाय?" ती म्हणाली. "अमरावतीले धाडा. नागपूरले सोळा वर्साची पोरगी कोनी धाडते काय? अन् दीड मयना तुमाले भाकर कोन टाकन?"

"माह्या भाकरीचं मी पाहीन," पुंजाजी म्हणाला. "बैल घेताना आपुन त्याले आदी चालवून पाह्यतो का नाई? मंग दोनी जागा पाहून येऊ. जाईन ते पोरगी. तिलेच पाहू दे."

कस्तुराने तेवढ्या वेळात नागपूरच्या कागदावरची एक ओळ तीनदा वाचली होती. जलरंग, स्थिरचित्र, निसर्गचित्र अशा यादीत शेवटी लिहिलं होतं: समोर बसलेल्या माणसाचं चित्र.

त्या ओळीचं तिला का एवढं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तुळसाबाईचा एकही फोटो घरात नव्हता. चुलतभावाच्या लग्नात एक काढलेला होता, पण त्यात तिच्या पुढे कुणाचा तरी फेटा आला होता. फक्त एक कान आणि कानातली बुगडी दिसे. माय गेली त्या वर्षी कस्तुराला वाटलं होतं, आपण काढू की तिचं चित्र. तिने वहीत काढून पाहिलं. नाक चुकलं. दुसऱ्या पानावर नाक बरं वाटलं तर डोळे भलत्याच बाईचे झाले. असं करत करत वहीची तीसएक पानं भरली. तीस बायका होत्या त्यात, आणि त्यातली एकही माय नव्हती. त्याहून वाईट म्हणजे, ती पानं उलटून पाहता पाहता खरा चेहरा मनातून पुसट होत चालला होता. पूर्वी डोळे मिटले की माय दिसायची. आता डोळे मिटले की वहीतली एखादी बाई दिसे. चेहरा काढायचा कसा हे कुणी शिकवलं तर अजून थोडा तरी हाती लागेल, असं तिला वाटत होतं. पण लवकर शिकवलं पाहिजे होतं.

आठवड्याने बापलेक निघाले. आधी अमरावती.

बायकांच्या संस्थेची जागा पुंजाजीला बघताक्षणीच आवडली. शेणाने सारवलेलं नाही, फरशी घातलेलं स्वच्छ अंगण, माठावर पांढरं फडकं, दाराशी म्हातारा चौकीदार. देखरेख करणाऱ्या हीराबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी दोघांना आधी पाणी दिलं, मग खोल्या दाखवल्या.

"सातनंतर एकही मुलगी बाहेर नसते," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी घरी जायचं असेल तर आम्ही स्वतः एसटीत बसवून देतो."

पुंजाजीने मान डोलावली. त्याने खोलीच्या दाराची कडीसुद्धा लावून पाहिली.

मोठ्या खोलीत दहा-बारा मुली ओळीने बसल्या होत्या. भिंतीवर मोराचा कित्ता टांगलेला होता आणि प्रत्येकीच्या कापडावर तोच मोर उमटत होता. हीराबाईंनी कस्तुराला कागद दिला. तिने पाऊण तासात मोर काढला, पिसाऱ्यासकट. हीराबाईंनी तो उचलून उजेडाकडे धरला.

"अहो, ही शिकायला कशाला येते? ही तर शिकवेल," त्या पुंजाजीला म्हणाल्या. पुंजाजी एवढा खुलला की त्याने आपला पटका काढून पुन्हा नीट बांधला.

बस स्टँडवर आल्यावर मात्र त्याने पाहिलं, पोरगी गप्प आहे.

"काहून व? पसंत नाई पडलं?"

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, खाली पाहत, "नागपूर पाहाचं हाय नं, बाबा?"

"पाहू म्हनलं होतं, तं पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नागपूरच्या कला विद्यालयात पोचले. जुनी, उंच छपराची इमारत. व्हरांड्यात हात तुटलेले पांढरे पुतळे उभे. पुंजाजी त्यांच्याकडे पाहत पाहत, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने चालला. नेमीचंद सरांची चिठ्ठी घेऊन ते ज्या वर्गाशी गेले, तिथले शिक्षक गोविंदसिंग त्याच वेळी वैतागून दारात उभे होते. उंच, पिंजारलेल्या केसांचा माणूस, सदऱ्यावर रंगांचे डाग. रोज वर्गासमोर बसणारा म्हातारा त्या दिवशी आला नव्हता आणि पंधरा विद्यार्थी कागद लावून बसून होते.

त्यांनी चिठ्ठी वाचली, कस्तुराकडे एकदा पाहिलं, आणि मग त्यांची नजर पुंजाजीवर थांबली. उन्हाने रापलेला चेहरा, पांढरा पटका, कानात भिकबाळीसाठी लहानपणी पाडलेलं भोक.

"काका, दोन तास बसाल का?" ते म्हणाले. "काही करायचं नाही. फक्त हलायचं नाही."

"निस्तं बसाचं?"

"निस्तं बसायचं."

पुंजाजी हसला. "आमाले उभं राहाची सवय हाय, मास्तर. बसून पाह्यतो."

त्यांनी त्याला लाकडी चौथऱ्यावरच्या खुर्चीत बसवलं. कस्तुराला एक फळी आणि कोळशाची कांडी देऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर जागा दिली. "तूही काढ," एवढंच म्हणाले.

कोळशाने तिने कधी काढलं नव्हतं. तरी ती झपाट्याने लागली. बाबांच्या मिशा, पटक्याची घडी, कपाळावरची आठी, सगळं तर तिला पाठच होतं. अर्ध्या तासात चेहरा उभा राहिला. शेजारच्या पोरांपेक्षा आपलं पुढं आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला जरा बरं वाटलं. तेवढ्यात गोविंदसिंग मागे येऊन उभे राहिले.

"हे कोण?"

"माह्ये बाबा."

"हे तू घरून आणलंस," ते म्हणाले. "समोर जे बसलेत, ते कुठं आहेत यात? रोज पाहतेस म्हणून आता पाहतच नाहीस. आठवून काढून राह्यलीस."

त्यांनी खांद्यावरचं फडकं घेतलं आणि तिच्या कागदावरून एकदाच फिरवलं. मिशा, घडी, आठी, सगळं करड्या धुळीत मिसळून गेलं. कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सांगत राहिले, "एक रेघ काढायच्या आधी दहा वेळा पाहा. घाई नाही."

मग तिने पाहिलं. बाबांची डावी पापणी उजवीपेक्षा खाली उतरली होती. कधीपासून? एका गालाला खळगा पडला होता. आतले दात गेलेले असावेत. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. आणि एक गोष्ट तिने याआधी पाहिलीच नव्हती. मधून मधून बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. कुणाशी तरी बोलावं तसे दोन-चार शब्द हलत आणि थांबत. ती पाहत राहिली, काढत राहिली. माय गेली त्या दिवसापासून आपण स्वतःच्याच दुःखात इतके होतो की हा माणूस आपल्याला दिसलाच नाही, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याने हात थांबला नाही, उलट स्थिर झाला.

दोन तासांनी पुंजाजी उठला. गुडघे चोळत तो एकेका कागदापुढून फिरला. पोरांनी काढलेले पंधरा पुंजाजी. कुठं पाटलासारखा, कुठं साधूसारखा. तो प्रत्येकाला "वा" म्हणत होता. कस्तुराच्या कागदापुढे आल्यावर मात्र त्याचा हात गालाकडे गेला.

"इकडचे दात गेले, हे दिसते तं," तो म्हणाला. "मले वाटे, कोनाले समजत नसीन."

बाहेर फाटकाशी रसवंती होती. दोघं बाकड्यावर बसले. रसाचा गिलास हातात धरून पुंजाजीने विचारलं, "अमरावतीले तू मोर काढला तवा तुह्यं ध्यान नव्हतं. इथं तुह्या डोयात पानी आलं तरी तू उठली नाई. काहून? काय पाह्यजे तुले इथं?"

तिने सांगितलं. वही, तीस बायका, सगळं. "मले माय दिसत नाई आता, बाबा," ती म्हणाली. "चेहरा काढाले शिकली तं दिसन असं वाटते."

पुंजाजीने गिलासातला बर्फ बोटाने बाजूला सारला.

"मले अमरावती पसंत होती," तो म्हणाला. "दर शनवारी तू घरी आली असती."

"मंग अमरावतीच—"

"नाई." त्याने गिलास खाली ठेवला. "दोन घंटे तू माह्याकडं पाहून राह्यली होती. तुही माय गेल्यापासून माह्याकडं एवढं कोनी पाह्यलंच नाई. हे शिकवतात नं इथं? मंग इथंच शीक. भर कागद."

फॉर्म तिथंच, त्या बाकड्यावर भरला. पालकाच्या सहीच्या जागी पुंजाजीने आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याला वेळ लागला, पण कस्तुराने घाई केली नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती नागपूरला राहायला गेली. मुलींची सोय जवळच्या एका वसतिगृहात होती. पत्र्याखाली तापलेल्या वर्गात सकाळी सातपासून काम चाले; घामाने कोळसा बोटांना चिकटे. समोर कधी भाजीवाली बसे, कधी टांगेवाला, कधी जवळच्या शाळेतली शिपाईण. कस्तुरा त्यांची चित्रं काढी. दुपारी मात्र अंथरुणावर पडलं की तिला कामरगावचं अंगण आठवे. आत्ता बाबा वावरातून आले असतील. चूल कोणी पेटवली असेल? घरी असताना मायची आठवण येई. इथं बाबांचीसुद्धा येऊ लागली. अमरावतीला असते तर काल घरी गेले असते, हा हिशोब ती दर रविवारी करी आणि सोमवारी पुन्हा स्टुलावर जाऊन बसे.

पुंजाजीची दोन पोस्टकार्डं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं, "भाकर आता गोल होते. तू चिंता करू नको. गाईले वासरू झालं." ते तिने उशीखाली ठेवलं.

शेवटच्या आठवड्यात तिने धीर करून गोविंदसिंगांना विचारलं, "सर, जे समोर नाई, त्याचं चित्र कसं काढाचं?"

"कोण?"

"माय."

ते हातातला ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "खोटं सांगत नाही. जशी होती तशी नाही येणार. पण तिची कोणी बहीण आहे?"

"हाय. मावशी."

"तिला बसव. आणि ज्यांनी आईला पाहिलंय त्यांना शेजारी बसव. ते सांगतील तसं बदलत जा. जे येईल ते घे."

जूनच्या मध्याला ती परत आली. पुंजाजी स्टँडवर घ्यायला आला होता, बराच वाळलेला. पेरणीला अजून आठ-दहा दिवस होते, म्हणून दोघं किन्हीराजाला गेले. रुपाबाईने आधी पोरीच्या अंगावर किती मांस उरलं ते चाचपून पाहिलं, नागपूरला चार शब्द सुनावले, आणि मग काय करायचं ते ऐकून एकदम मऊ झाली. ओसरीवर खांबाला टेकून ती बसली. पुंजाजी समोर पायरीवर. कस्तुराने मांडीवर फळी घेतली.

"कपाय एवढं मोठं नव्हतं तुळसीचं," पुंजाजी म्हणाला.

"कायचं? माह्यापेक्षा मोठंच होतं," रुपाबाई म्हणाली. "मायनं आमच्या दोघीच्या येन्या घातल्या, मले मालूम नाई? अन् समोरच्या दोन दातात फट होती."

"फट? कवाची फट?"

"लहानपनची."

"म्या तं नाई पाह्यली."

कस्तुरालाही फट आठवत नव्हती. तिला आठवत होते ते शेवटच्या महिन्यातले पिवळे डोळे आणि उशीवरचा वाळलेला गाल. तिने पुसलं, पुन्हा काढलं. दुपार उलटून गेली. हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपण तिघं एकाच बाईबद्दल बोलतच नाही. मावशी आठ वर्षांच्या तुळशीबद्दल बोलत होती. बाबा भलत्याच कुणाबद्दल.

"बाबा, तुमाले माय कवाची दिसते?" तिने विचारलं.

पुंजाजी लाजला. "लग्नातली," तो म्हणाला. "अंतरपाट सरला अन् म्या पाह्यलं, तं हे माह्याकडं पाहूनच नाई राह्यली. वाजंत्र्याकडं पाहून राह्यली. मान असी करून." त्याने आपली मान जराशी वळवून, हनुवटी उचलून दाखवली.

"मावशी, तू कर नं तसी मान."

"हात व! या वयात?" रुपाबाई हसली. पण तिने केली. हसू आवरताना तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

"हे! असंच!" पुंजाजी पायरीवरून उठलाच. "काढ, काढ लवकर."

कस्तुराने काढलं. सुरकुत्या सोडून दिल्या, गाल भरला, कपाळ बाबा म्हणाले तेवढं ठेवलं. एक सोळा वर्षांची मुलगी मान वळवून कुठली तरी वाजंत्री ऐकत होती. पुंजाजी फळीपाशी येऊन बसला. त्याने हात पुढे केला, पण कोळसा पुसेल म्हणून कागदाला लावला नाही.

"आता काईच नको करू याले," तो म्हणाला. रुपाबाईने पदर डोळ्याला लावला.

कस्तुरा त्या मुलीकडे पाहत राहिली. चित्र चांगलं होतं, हे तिला कळत होतं. पण तिने या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. ही बाबांची होती.

संध्याकाळी उजेड होता तोवर तिने एकटीने दुसरा कागद घेतला. आता आपली माय. उशी आली, बाजेची दोरी आली, छातीवर ठेवलेला हात आला. हाताची बोटं तर अगदी तिचीच आली. चेहऱ्याच्या जागी ती दहा वेळा, वीस वेळा पाहत राहिली. तिथं कोरा कागद होता. तिने तो तसाच गुंडाळून ठेवला.

मान वळवलेल्या मुलीचं ते चित्र पुंजाजीने कारंजा गावाहून काच लावून आणलं. कामरगावातल्या बायका येऊन पाहून गेल्या. कुणी म्हणालं, तुळसाच हे. कुणी म्हणालं, नाही ब्वा. पुंजाजी कुणाशी वाद घालत नसे. सकाळी वावरात जाताना त्याच्यापुढे क्षणभर थांबे आणि निघून जाई. नेमीचंद सर आले तेव्हा मात्र फार वेळ उभे राहिले, आणि जाताना कस्तुराला म्हणाले, "बरं झालं, मी तुला अमरावतीच कर असं सांगितलं नाही."

मॅट्रिक होऊन ती पुढच्या साली नागपूरलाच डिप्लोमाला गेली. पाच वर्षांत तिने शेकडो चेहरे काढले. पुढे मास्तरीण झाल्यावरही काढत राहिली. लोक म्हणत, माणूस हुबेहूब उतरवते. मायचा चेहरा काढायचा प्रयत्न तिने पुन्हा केला नाही. पण कधी एखाद्या बाजारात गर्दीतली कुणी बाई डोक्यावरची टोपली उतरवायला वाके, मायसारखाच पदर दातात धरे, आणि कस्तुराचा हात आपसूक पिशवीतल्या पेन्सिलीकडे जाई. तेवढ्यात ती बाई तोंड वळवून समोर पाही. कुणी दुसरीच असे. कस्तुरा तरीही थोडा वेळ तिथं थांबून तिच्याकडे पाहत राही.